कण्याच्या तळाचे सांधे

घरी सहज करता येईल असा एक प्रयोग आधी सांगतो. रात्री झोपण्यापूर्वी अनवाणी पायांनी भिंतीला पाठ टेकून ताठ उभे राहा. डोक्यावर पाटी किंवा जाड पुठ्ठ्याचे पुस्तक आडवे धरून भावंडाकडून भिंतीवर पेन्सिलीने खूण करून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठल्याबरोबर, तोंड धुण्याच्याही आधी, त्याच जागी तसेच उभे राहून पुन्हा खूण करा. काळजीपूर्वक मोजलेत तर सकाळची खूण रात्रीच्या खुणेपेक्षा सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही अधिक वर आढळेल. ब्रिटनमधील संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत हा फरक सरासरी १९ मि.मी., म्हणजे उंचीच्या सुमारे एक टक्का इतका आला होता. त्यांपैकी निम्मी उंची उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच कमी होते. म्हणूनच तोंड धुण्याआधी मोजायला सांगितले.

मांडीचे हाड रात्रीत लांबत नाही आणि कवटीही फुगत नाही. मग ही उंची येते कोठून आणि जाते कोठे? याचे उत्तर पाठीच्या कण्यातील सांध्यांत आहे. त्यांतही कमरेचे सांधे सर्वांत मोठे, सर्वांत जास्त भार वाहणारे आणि सर्वांत जास्त कुरकुर करणारे, म्हणून आज त्यांच्याविषयीच बोलू. शरीररचना हा वैद्यांचा प्रांत. भौतिकी शिकवणाऱ्याने त्यात का शिरावे, असे कोणी विचारील. पण हा पायंडा जुना आहे. इटलीतील गणिताचा प्राध्यापक जोव्हान्नी बोरेली याने ओझे वाहणाऱ्या हमालाच्या कण्यावर आणि स्नायूंवर किती बल येते याचे गणित तरफेच्या नियमाने मांडले होते. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८० - ८१ मध्ये प्रसिद्ध झाला. ते गणित आपणही पुढे करून पाहणार आहोत.

आधी रचना पाहू. मानेचे ७, छातीचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ सुटे मणके एकावर एक रचलेले असतात. त्यांच्या खाली पाच मणके एकमेकांत जुळून तयार झालेले त्रिकोणी हाड असते, त्याला त्रिकास्थी म्हणतात. त्याच्या टोकाशी माकडहाड असते. त्रिकास्थीचे पाच मणके जन्मतः जुळलेले नसतात. ते जुळण्याची क्रिया पौगंडावस्थेत सुरू होते आणि पंचविशीच्या आसपास पुरी होते. तेव्हा हा लेख वाचणाऱ्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्याची त्रिकास्थी अजून एकसंध झालेली नाही. तुमच्या कमरेच्या मणक्यांच्या वरच्या-खालच्या कडांवरही अजून हाडाऐवजी कूर्चेचे कडे आहे किंवा ते नुकतेच हाडात रूपांतरित होऊ लागले आहे. कूर्चा म्हणजे कानाच्या पाळीच्या वरच्या भागात हाताला लागते तसली लवचिक, चिवट ऊती.

कमरेचा एक मणका हातात घेतला तर त्याचे दोन भाग स्पष्ट दिसतात. पुढे डमरूसारखा, मध्ये किंचित निमुळता असा भरीव ठोकळा असतो. तो भार वाहतो. मागे हाडाची कमान असते. ठोकळा आणि कमान यांच्यामधील पोकळी एकाखाली एक येऊन जी नळी बनते तीतून मज्जारज्जू खाली येतो. गंमत अशी की कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच मज्जारज्जू संपतो आणि खाली नुसता मज्जातंतूंचा जुडगा लोंबत राहतो. घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून त्याला अश्वपुच्छ असेच नाव आहे. कमानीतून मागे आणि बाजूंना फाटे फुटतात. पाठीवरून बोट फिरवले असता हाताला लागतात ते उंचवटे म्हणजे मागच्या फाट्यांची टोके होत.

आता सांधे. कोणत्याही दोन लगतच्या मणक्यांमध्ये एक नव्हे, तीन सांधे असतात. पुढे दोन ठोकळ्यांच्या मध्ये चकती, हा एक. आणि मागे कमानींच्या डाव्या-उजव्या बाजूंना दोन छोटे सांधे. तीन पायांची तिवई डोळ्यांसमोर आणा; पुढचा पाय जाडजूड, मागचे दोन बारीक. मात्र या तिन्ही सांध्यांची घडण एकसारखी नाही. पुढचा सांधा आणि मागचे सांधे ऊतींच्या दृष्टीने अगदी निराळ्या जातीचे आहेत.

शाळेच्या प्रयोगशाळेत टांगलेल्या सांगाड्यात मणक्यांच्या मध्ये रबराच्या किंवा नमद्याच्या गोल चकत्या घातलेल्या असतात. त्या पाहून आपला असा समज होतो की खऱ्या शरीरातही नळाच्या वायसरसारखी एक सुटी चकती दोन हाडांमध्ये नुसती ठेवलेली आहे. हा समज मनातून काढून टाकायला हवा. कारण तो खरा असता तर चकती ‘सरकणे’ शक्य झाले असते.

खरी चकती कमरेत सुमारे एक सें.मी. जाड आणि चारपाच सें.मी. रुंद असते. तिचे तीन भाग आहेत. मध्ये मऊ गाभा, त्याभोवती तंतूंचे वलय आणि वर-खाली काचेसारख्या गुळगुळीत कूर्चेचे जेमतेम मिलिमीटरभर जाडीचे पापुद्रे. या पापुद्र्यांनी चकती वरच्या आणि खालच्या मणक्याला चिकटलेली असते. वलयाच्या आतल्या थरांचे तंतू या पापुद्र्यांत आणि बाहेरच्या थरांचे तंतू थेट मणक्याच्या हाडात रोवलेले असतात. चकती उपटायची म्हटली तर हाडाचे टवके निघतील, इतकी ती बांधणी घट्ट आहे.

वलय कसे विणले आहे ते पाहण्यासारखे आहे. कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणे त्यात १५ ते २५ थर असतात. प्रत्येक थरात कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू समांतर रचलेले असतात. पण ते उभेही नसतात आणि आडवेही नसतात. क्षितिजसमांतर पातळीशी ते सुमारे २५ ते ३० अंशांचा कोन करतात. एका थरात ते उजवीकडे कललेले, तर लगतच्या थरात डावीकडे. सायकलचा झिजलेला टायर नीट पाहिलात तर रबराखाली दोऱ्यांचे असेच एकमेकांना छेदणारे तिरपे थर दिसतील. ट्यूबमधली हवा सगळ्या दिशांनी बाहेर ढकलत असते आणि तिला आवरण्याचे काम या दोऱ्या ताणल्या जाऊन करतात. चकतीत हवेच्या जागी गाभा आहे. वरून भार आला की गाभ्यातील दाब पास्कलच्या नियमानुसार सर्व दिशांना पसरतो, वलय बाहेर फुगू पाहते आणि त्याचे तंतू ताणले जातात. कोलॅजेनचा तंतू दाबला तर दोरीसारखा दुमडतो, पण ओढला तर फार मोठा ताण सहन करतो. वरून येणाऱ्या दाबाचे रूपांतर तंतूंवरील ताणात करण्याची ही युक्ती आहे. म्हणूनच प्रयोगशाळेत मृत शरीरातील निरोगी चकती दोन मणक्यांसह सरळ दाबत नेली, तर बहुधा आधी मणक्याच्या हाडाचा चकतीलगतचा पातळ थर तडकतो. चकती शाबूत राहते.

मात्र पिळाच्या बाबतीत ही विणकर थोडी उणी पडते. कंबर एका बाजूला पिळली की एका दिशेने कललेले तंतूच ताणले जातात आणि उलट दिशेचे सैल पडतात. म्हणजे अर्धेच थर कामावर असतात. त्यातच पुढे वाकलेले असलो तर मागच्या बाजूचे तंतू आधीच ताणलेले असतात. वाकून, पिळून ओझे उचलणे पाठीला का मानवत नाही, ते यावरून लक्षात येईल.

आता गाभा. उन्हाळ्यात सब्जाचे बी पाण्यात टाकले की घटकाभरात त्याच्याभोवती चिकट, पारदर्शक आवरण फुगून येते. गाभा हा काहीसा तसाच पदार्थ आहे. तरुणपणी त्याच्या वजनात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असते. बालपणी त्याहूनही जास्त. हे पाणी धरून ठेवतात ते प्रोटिओग्लायकॅन नावाचे महाकाय रेणू. बाटली धुण्याच्या ब्रशची कल्पना करा. मधल्या तारेच्या जागी प्रथिनाचा लांब धागा आणि केसांच्या जागी शर्करेच्या साखळ्या. या साखळ्यांवर ऋण विद्युत्भार असतात. ते सोडियमच्या धन आयनांना जवळ खेचून ठेवतात. त्यामुळे गाभ्यात आयनांची गर्दी बाहेरच्यापेक्षा जास्त होते आणि परासरणाने पाणी आत ओढले जाते. कोलॅजेनचे विरळ जाळे आणि बाहेरचे वलय त्याला अमर्याद फुगू देत नाही. फुगू पाहणारा गाभा आणि आवरू पाहणारे वलय यांच्या या ओढाताणीमुळेच चकती एकदम ताठ आणि लवचिक राहते.

भिंतीवरच्या दोन खुणांचा उलगडा आता होईल. दिवसभर उभे राहताना, बसताना, ओझी उचलताना चकतीवरचा दाब परासरणाच्या दाबापेक्षा जास्त होतो आणि गाभ्यातले पाणी हळूहळू बाहेर झिरपते. रात्री आडवे झालो की बाहेरचा दाब उतरतो आणि पाणी परत आत शिरते. सगळ्या चकत्या मिळून कण्याच्या लांबीचा सुमारे चौथा हिस्सा भरतात, तेव्हा प्रत्येकीतली थोडीथोडी घट एकत्र होऊन डोळ्यांना दिसण्याइतकी होते. अंतराळवीरांना दिवस असो की रात्र, कण्यावर शरीराचा भार जाणवतच नाही. त्यांची उंची अंतराळात तीन टक्क्यांपर्यंत वाढल्याचे आढळले आहे आणि परत आल्यावर ती पूर्ववत होते.

पाण्याच्या या भरती-ओहोटीपेक्षाही चकतीची एक गोष्ट मला अधिक विलक्षण वाटते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. तान्ह्या मुलाच्या चकतीच्या कडांना आणि कूर्चेच्या पापुद्र्यांत त्या असतात, पण वाढत्या वयात त्या आटत जातात. प्रौढ माणसाच्या शरीरातील रक्तवाहिन्यांवाचूनची सर्वांत मोठी ऊती म्हणजे कमरेची चकती. तरीही तिच्यात जिवंत पेशी आहेत. त्या फार थोड्या आहेत, आकारमानाच्या सुमारे एक टक्का. पण तंतू आणि प्रोटिओग्लायकॅन तयार करणाऱ्या त्याच आहेत. त्यांना लागणारे ग्लुकोज आणि ऑक्सिजन मणक्याच्या हाडातील केशवाहिन्यांतून निघून, कूर्चेच्या पापुद्र्यातून केवळ विसरणाने आत पोचते.

विसरण किती मंद असते ते भौतिकीच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे असे आहे. अंतर दुप्पट झाले की विसरणाला लागणारा वेळ चौपट होतो. म्हणजे वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. स्नायूतील पेशी केशवाहिनीपासून एक शतांश किंवा दोन शतांश मि.मी. अंतरावर असते. चकतीच्या मध्यावरची पेशी सहा ते आठ मि.मी. दूर असते. ०.०२ मि.मी. आणि ७ मि.मी. यांची तुलना केली तर अंतर ३५० पट आणि वेळ सव्वा लाख पटीच्या घरात जातो! जे काम तेथे सेकंदात होते त्याला येथे दिवसाच्या हिशेबात वेळ लागतो. साहजिकच या पेशी अर्धपोटी असतात. ऑक्सिजन अपुरा म्हणून त्या बहुतांशी त्याच्यावाचून ग्लुकोज वापरतात आणि दुग्धाम्ल तयार करतात. तेही त्याच मंद वाटेने बाहेर जायचे. अशा ठिकाणी दुरुस्तीचे काम रेंगाळणारच. त्वचेवरचा ओरखडा आठवड्यात भरतो. वलयातील कोलॅजेनचा तंतू नव्याने बदलायला दशके लागतात.

मागच्या दोन सांध्यांची गोष्ट मात्र गुडघ्यासारखी आहे. वरच्या मणक्याच्या कमानीतून खाली आलेले दोन फाटे खालच्या मणक्याच्या वर आलेल्या दोन फाट्यांच्या आतल्या बाजूला बसतात. त्यांची एकमेकांना भिडणारी टोके गुळगुळीत कूर्चेने मढवलेली असतात. भोवती तंतूंची पिशवी असते. पिशवीला आतून पातळ संधिकलेचे अस्तर असते आणि हे अस्तर अंड्याच्या बलकासारखे बुळबुळीत नव्हे, तर पांढऱ्यासारखे पारदर्शक आणि किंचित चिकट असे वंगण थेंबाथेंबाने पाझरवते. अशा सांध्याचा घर्षणांक ०.०१ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. कारखान्यातील वंगण घातलेल्या धातूच्या धारव्यांनी हेवा करावा असा हा आकडा आहे. पिशवीच्या कडांना संधिकलेच्या आणि मेदाच्या इवल्या घड्या आत डोकावत असतात आणि पृष्ठभागांमधील फटी भरून काढतात. या सांध्यांना चकतीसारखे मज्जातंतूंचे वावडे नाही. पिशवीत ते भरपूर असतात. म्हणून हे सांधे दुखतात तेव्हा चांगलेच जाणवतात. चकतीत मात्र मज्जातंतू फक्त वलयाच्या बाहेरच्या भागापुरते असतात.

या जोडीचे मुख्य काम भार वाहण्याचे नाही. ताठ उभे असताना एकूण भाराचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी त्यांच्या वाट्याला येतो. त्यांचे काम वळण लावण्याचे आहे. कमरेत यांचे पृष्ठभाग बहुतांशी उभे आणि पुढे-मागे जाणाऱ्या पातळीत असतात. खणाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या जसे त्याला पुढे-मागे सरकू देतात पण आडवे हलू देत नाहीत, तसे हे सांधे कंबर पुढे-मागे वाकू देतात, पण पिळू देत नाहीत. कमरेच्या एका जोडीत एका बाजूला जेमतेम दोन-तीन अंश पीळ शक्य असतो. आपण मागे वळून पाहतो तेव्हा तो पीळ मुख्यतः मान, छाती आणि खुब्याच्या सांध्यांतून येतो. वलयाचे पिळाबाबतचे उणेपण मागच्या सांध्यांनी असे झाकले आहे.

कमानी एकमेकींना ज्या अस्थिबंधांनी बांधलेल्या आहेत त्यांपैकी एकाचा उल्लेख करतो, कारण तो रंगाने वेगळा आहे. बहुतेक अस्थिबंध पांढरे असतात. हा पिवळा असतो, कारण त्यात कोलॅजेनपेक्षा इलास्टिन हे रबरासारखे ताणणारे प्रथिन पुष्कळ जास्त असते. माणूस वाकला की तो ताणतो, ताठ झाला की आखडतो. तो तसा आखडला नसता तर त्याच्या घड्या मागून मज्जातंतूंवर दाबल्या गेल्या असत्या.

आता बोरेलीचे गणित. कमरेतून पुढे वाकून हातात २० किलोग्रॅमचे ओझे धरलेला माणूस ही पहिल्या प्रकारची तरफ आहे. टेकू म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधील चकती. पुढे भार आणि मागे बल, म्हणजे पाठीचे स्नायू. या स्नायूंची बलभुजा फार तोकडी आहे, सुमारे ५ सें.मी. डोके, हात आणि धड मिळून ४० किलोग्रॅम धरू आणि त्यांचा गुरुत्वमध्य टेकूच्या २५ सें.मी. पुढे मानू. ओझे ४० सें.मी. पुढे आहे. तर पुढे पाडणारे परिबल ४० × २५ + २० × ४०, म्हणजे १८०० होते. त्याला ५ ने भागले तर स्नायूंना ३६० किलोग्रॅम-भाराइतके बल लावावे लागते, असे दिसते. हे बल दोन्ही मणक्यांना एकमेकांवर दाबते. त्यात वरच्या वजनाचा कण्याच्या दिशेतील घटक मिळवला तर चकतीवर ४०० किलोग्रॅम-भाराच्या आसपास दाबबल येते. उचलले किती? फक्त २०! आता तेच ओझे गुडघे वाकवून, पोटाशी धरून उचलले, धडाची भारभुजा १० आणि ओझ्याची २५ सें.मी. झाली, तर परिबल ९०० होऊन स्नायूंचे बल निम्म्यावर येते. डोक्यावर घागर घेऊन ताठ चालणाऱ्या स्त्रीच्या घागरीची भारभुजा जवळजवळ शून्य असते; मानेवर भार पडतो तो वेगळा, पण कमरेच्या चकतीवर घागरीच्या वजनाची अशी अनेकपट होत नाही.

कागदावरच्या या हिशेबाला प्रत्यक्षाचा दाखला आहे का? आहे. १९६० च्या दशकात स्वीडनमधील आल्फ नाखेमसन यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांच्या चकतीच्या गाभ्यात सुई घालून दाब मोजला. पुढे १९९९ साली जर्मनीतील उल्म येथील हान्स-योआखिम विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ७० किलोग्रॅम वजनाच्या माणसाच्या कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधील चकतीत दाबमापक बसवून सुमारे दिवसभराची मोजमापे प्रसिद्ध केली. पालथे निजले असता दाब ०.१ मेगॅपास्कल, उभे असता ०.५, वाकून २० किलोग्रॅम उचलताना २.३, गुडघे वाकवून उचलताना १.७ आणि ओझे छातीशी धरले असता १.१. एक मेगॅपास्कल म्हणजे दर चौरस सें.मी.ला साधारण १० किलोग्रॅम-भार. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब दोन-सव्वादोन असतो, तर वाकून ओझे उचलताना चकतीत २३! चकतीचे क्षेत्रफळ १६ चौ. सें.मी. धरले तर २३ × १६ = ३६८. गाभ्यातला दाब कडेपर्यंत सारखा नसतो, म्हणून हा गुणाकार ढोबळच आहे. तरीही आपल्या तरफेच्या हिशेबाशी तो चांगला जुळतो. त्याच माणसाच्या चकतीत रात्रीच्या सात तासांत दाब ०.१ वरून ०.२४ वर गेला. पाणी परत भरल्याची ही खूण. एका बाबतीत मात्र दोन्ही प्रयोगांचे पटले नाही. नाखेमसनना बसल्यावर दाब उभे असण्यापेक्षा बराच वाढलेला आढळला होता. विल्के यांना तो जवळजवळ तेवढाच, किंबहुना किंचित कमी आढळला.

महाराष्ट्रात या आकड्यांशी रोज झुंजणारा एक मोठा वर्ग आहे. बाजार समित्यांतून आणि गोदामांतून पोती वाहणाऱ्या हमालांसाठी १९६९ साली राज्याने माथाडी कामगारांचा कायदा केला. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. कायद्याने मजुरी आणि संरक्षणाची व्यवस्था लावली, पण तरफेची ५ सें.मी.ची भुजा कोणालाच वाढवून देता येत नाही. पोते लहान करणे आणि ते उचलण्याची उंची बदलणे एवढेच हाती राहते. दप्तराचेही तेच. दप्तर विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावे, असे महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ठरवून दिले. तुमचे दप्तर काट्यावर ठेवून पाहिले आहे काय?

कमरेचा पाचवा मणका ज्या त्रिकास्थीवर बसतो तिचा माथा सपाट नाही. तो पुढच्या बाजूला सुमारे ४० अंशांनी उतरता आहे. उतरणीवर ठेवलेल्या ठोकळ्याचे बलघटक तुम्ही काढलेले आहेत. ४० किलोग्रॅम-भार × ज्या ४०° म्हणजे जवळजवळ २६ किलोग्रॅम-भार, माणूस नुसता उभा असतानासुद्धा, या मणक्याला पुढे घसरवू पाहतो. त्याला अडवतात ते मागचे दोन सांधे. म्हणूनच सर्वांत खालच्या जोडीत त्यांची पातळी बदललेली असते. त्यांचे पृष्ठभाग पुढे-मागे जाण्याऐवजी बरेचसे आडवे वळलेले असतात आणि खुंटीसारखे अडसर घालतात. यामुळे वरच्या आणि खालच्या सांध्याच्या फाट्यांमधला कमानीचा चिंचोळा पट्टा वारंवार वाकवला जातो. तार पुनःपुन्हा वाकवली की तुटते, तसा हा पट्टा कधीकधी तडकतो. क्रिकेटमधील वेगवान गोलंदाज एकाच क्षणी मागे झुकतो, बाजूला वाकतो आणि पिळतो. त्याच वेळी पुढचा पाय जमिनीवर आदळून शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट प्रतिक्रिया वर येते. ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली १९७३ मध्ये आणि आपला जसप्रीत बुमराह २०१९ मध्ये कमरेच्या मणक्यांच्या अशाच तडांमुळे मैदानाबाहेर बसला. तड बहुधा चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला जाते. किशोरवयात हाड अजून पक्के झालेले नसते, म्हणून मुलांनी दिवसाला किती षटके टाकावीत यावर काही देशांत मर्यादा घातलेल्या आहेत.

त्रिकास्थीच्या दोन्ही बाजूंना नितंबास्थीशी होणारे सांधे हे कण्याचे शेवटचे सांधे. त्यांचे पृष्ठभाग कानाच्या आकाराचे असतात. बालपणी ते सपाट आणि गुळगुळीत असतात. पौगंडावस्थेनंतर त्यांवर उंचवटे आणि खळगे तयार होऊन ते एकमेकांत अडकतात. त्रिकास्थीच्या बाजूची कूर्चा जाड, नितंबास्थीच्या बाजूची पातळ आणि अधिक तंतुमय. वर रुंद आणि खाली निमुळती त्रिकास्थी दोन नितंबास्थींच्या मध्ये पाचरीसारखी बसलेली असते आणि मागच्या अस्थिबंधांनी झुलत्या पुलाप्रमाणे टांगलेलीही असते. या अस्थिबंधांची गणना शरीरातील सर्वांत बळकट अस्थिबंधांत होते. येथे हालचाल अवघी दोन-चार अंशांची.

शेवटी रोजच्या बोलण्यातल्या दोन शब्दांविषयी. ‘मणक्यात गॅप आली’ असे आपण नेहमी ऐकतो. क्ष-किरणांच्या चित्रात हाड पांढरे दिसते आणि चकती दिसतच नाही. दोन मणक्यांमध्ये काळी पोकळी दिसते. ती पोकळी म्हणजेच चकती. तेव्हा गॅप असणे हे निरोगीपणाचे लक्षण आहे. वयाबरोबर प्रोटिओग्लायकॅन घटतात, पाणी कमी होते, चकती बसते आणि ही गॅप उलट कमी होते! एम. आर. आय. तंत्रात पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा संकेत टिपला जातो. त्यामुळे विशिष्ट प्रकारच्या चित्रांत तरुण गाभा पांढरा शुभ्र आणि सुकलेला गाभा काळा दिसतो.

‘गादी सरकली’ हा दुसरा शब्दप्रयोग. हाडात रोवलेली चकती सरकत नाही, हे आपण पाहिले. होते ते असे की वलयाचे काही थर चिरतात आणि त्या चिरेतून गाभा बाहेर ढकलला जातो. मागच्या बाजूला मध्यभागी एक उभा अस्थिबंध असतो, पण कमरेत तो अरुंद होत जातो. म्हणून गाभा बहुधा मध्याच्या किंचित डावीकडे किंवा उजवीकडे बाहेर येतो आणि नेमकी तेथूनच पायाकडे जाणारी मज्जातंतूची मुळी गेलेली असते. दुखणे कमरेत आणि कळ पोटरीत, याचे कारण हे. बॉस्टनमधील मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी १९३४ साली हे स्पष्ट केले. त्याआधी असे बाहेर आलेले तुकडे कूर्चेच्या गाठी समजले जात.

पण चित्रात फुगवटा दिसला म्हणजे दुखणे आलेच, असे नाही. १९९४ साली अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एम. आर. आय. पाहिले तेव्हा ५२ टक्के लोकांत निदान एका चकतीचा तरी फुगवटा आढळला. त्या सर्वांचे चालणे-फिरणे व्यवस्थित चालू होते.

पूर्ण बाहेर पडलेल्या तुकड्याचे पुढे काय होते, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. चकतीच्या आत, रक्तापासून दूर, तो आयुष्यभर राहिलेला असतो. बाहेर येताच प्रथमच त्याची रक्तवाहिन्यांशी गाठ पडते. त्याच्याभोवती नव्या केशवाहिन्या वाढतात, रक्तातून भक्षक पेशी येतात आणि परक्या वस्तूप्रमाणे त्याला कुरतडू लागतात. त्यातले पाणीही हळूहळू शोषले जाते. बऱ्याच रोग्यांत काही महिन्यांनी पुन्हा चित्र काढले तर तो तुकडा आक्रसलेला दिसतो आणि काही वेळा तो सापडतच नाही.